मोठा फोटो प्रिंटर घ्यायचाय? आधी कामाची वही उघडा, मग कॅटलॉग

आमच्या स्टुडिओत पहिला मोठा प्रिंटर घेताना मी थेट ४४ इंची, म्हणजे ४४ इंच रुंद कागदावर छापणारा, घेतला. लग्नाच्या फ्रेम, प्रदर्शनाचे प्रिंट, कॅनव्हास, सगळं त्यावर निघेल असा हिशोब होता. पावसाळ्यात लग्नं थांबली, मशीन आठवडेच्या आठवडे नुसतं उभं राहिलं आणि तुळशीच्या लग्नानंतर ऐन सीझनच्या तोंडावर दोन रंगांची नोझल्स, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, चोक झालेली निघाली. ती मोकळी करताना जेवढी शाई वेस्ट टँकमध्ये (वाया गेलेल्या शाईच्या टाकीत) गेली, तेवढ्यात महिन्याचं काम झालं असतं. मशीन चांगलंच होतं, माझ्या कामाला ते मोठं होतं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी पुढच्या क्रमाने जायला सांगतो.

१. महिनाभर वही लिहा

सध्या बाहेरच्या लॅबकडून जे प्रिंट करून घेता त्या प्रत्येकाची नोंद ठेवा: आकार, कागद, नग आणि तो प्रिंट कुठे लागणार. २४ × ३६ इंचांचा एक प्रिंट म्हणजे ६ चौरस फूट. आठवड्याला असे दोन-चारच होत असतील तर जॉबवर्कच, म्हणजे बाहेरून करून घेणंच, परवडतं. इंकजेट मशीनला रोज थोडं काम लागतं. बंद ठेवून शाई वाचत नाही, उलट हेड (नोझल्स असलेला, कागदावर शाई सोडणारा भाग) मोकळं करण्यात जास्त जाते.

२. प्रिंट उन्हात लागणार की भिंतीवर?

या एका प्रश्नावर अर्धी यादी गळते. दुकानाची पाटी, फ्लेक्स, गाडीवरचं व्हिनाइल हे काम इको-सॉल्व्हंट, लेटेक्स किंवा यूव्ही या बाहेर टिकणाऱ्या शायांच्या मशीनचं. घरातल्या फ्रेम, गॅलरीतले प्रिंट, कॅनव्हास यासाठी पाण्यावर आधारलेल्या शाईचा प्रिंटर हवा. एकाच मशीनवर दोन्ही काढू म्हणणाऱ्याचं कुठलंच काम धड होत नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. इको-सॉल्व्हंट घेणार असाल तर खोलीत हवा खेळती हवी, आणि प्रिंट पूर्ण सुकायच्या आत लॅमिनेट करायची घाई नको.

पुढचं सगळं भिंतीवर लागणाऱ्या प्रिंटबद्दल आहे.

३. रुंदी ठरवा

बाजारात प्रामुख्याने १७, २४, ३६, ४४ आणि ६० इंचांच्या आसपासची मशीन मिळतात. इथे एक बारकी गोष्ट हमखास राहून जाते. २४ × ३६ चा कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणायचा असेल तर चारही बाजूंनी दोन इंच जास्तीचे लागतात, म्हणजे प्रिंट २८ × ४० चा होतो. तो २४ इंची रोलवर बसतच नाही. उलट ४४ इंची रोलवर २० × ३० चे दोन फोटो शेजारी-शेजारी बसतात आणि कागद वाचतो. वहीतले आकार कागदावर आखून बघा, उत्तर आपोआप मिळतं.

मोठ्या प्रिंटला कॅमेराही तितकाच मोठा हवा, ही भीती मात्र सोडा. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. तो ३६ इंच लांब छापला तर इंचाला १६६ पिक्सेल येतात. भिंतीवरचा फोटो चार-पाच फुटांवरून बघतात, त्याला एवढे पुरतात.

४. शाई आणि रंग

विकण्यासाठी किंवा प्रदर्शनासाठी छापत असाल तर पिगमेंट शाईच घ्या. डाय शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते, ग्लॉसी कागदावर झळाळून दिसते, पण उजेडात लवकर उडते. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात आणि ते जास्त टिकतात. अमेरिकेतली विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही संस्था प्रिंट किती वर्षं टिकेल याच्या चाचण्या घेते. तिचे आकडे शाई आणि कागद या जोडीचे असतात, नुसत्या प्रिंटरचे नव्हेत.

त्याच रुंदीचं चार-पाच रंगांचं मशीन बरंच स्वस्त मिळतं. ते आर्किटेक्टच्या नकाशांसाठी असतं. पोस्टरही बरं निघतं, पण गालावर आणि आकाशात दाणे दिसतात. फोटोसाठी फिकट निळा, फिकट मॅजेंटा आणि करड्या छटा वेगळ्या हव्यात. कॅननच्या इमेजप्रोग्राफ प्रो-४१०० मध्ये ११ रंग आणि वर चकाकी सारखी करणारा एक पारदर्शक थर आहे. एप्सनच्या पी९५०० मालिकेत केशरी, हिरवा, जांभळा धरून १२ रंग आहेत. एचपीच्या झेड९+ मध्ये ९ आहेत.

ग्लॉसी आणि मॅट कागदासाठी काळ्या शाया वेगवेगळ्या असतात. जुन्या काही मॉडेलमध्ये त्या दोघींना एकच वाट होती, त्यामुळे कागद बदलला की प्रत्येक वेळी शाई वाया जायची. सेकंडहँड मशीन घेताना हे आवर्जून विचारा.

‘जिक्ले प्रिंट’ हा शब्दही कानावर येईल. १९९१ मध्ये जॅक डुगान यांनी फ्रेंचवरून तो इंकजेट प्रिंटसाठी घडवला. त्यात दर्जाची कुठलीच हमी नाही, म्हणून नुसत्या त्या नावासाठी जास्त पैसे मोजू नका.

५. हेड कोणतं?

एप्सनचं हेड पिझो पद्धतीचं: विजेने बारीक पडदा हलतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. ते वर्षानुवर्षं चालतं, पण बदलायची वेळ आली तर खर्च मोठा. कॅनन आणि एचपीच्या फोटो प्रिंटरमध्ये शाई क्षणभर तापवून तिच्या बुडबुड्याने थेंब उडवतात. ते हेड झिजतं, पण तुम्ही स्वतः बदलू शकता. तालुक्याच्या गावी, जिथे इंजिनिअर यायला चार दिवस लागतात, तिथे मी दुसऱ्या प्रकाराकडे झुकेन.

६. डेमोला आपलीच फाइल न्या

डीलरकडचा पोपटाचा नाहीतर फळांचा फोटो प्रत्येक मशीनवर सुंदरच येतो. मी तीन फोटो एका पानावर मांडून नेतो. पहिला, काळ्या चंद्रकळेतली बाई. पदराच्या चुण्या दिसायला हव्यात, नुसता काळा डाग नको. दुसरा हळदीचा: हळदीचा पिवळा आणि त्याखालचा त्वचेचा रंग वेगळे ओळखू आले पाहिजेत. तिसरा पूर्ण कृष्णधवल.

तुम्ही रोज वापरता तोच कागद न्या आणि त्याच्या प्रोफाइलनेच (त्या कागदावर रंग कसे छापायचे ते मशीनला सांगणाऱ्या फाइलने) छापून घ्या. मग प्रिंट ट्यूबलाइटखाली बघा आणि तसाच बाहेर दारात नेऊन बघा. कृष्णधवल फोटो आत करडा आणि बाहेर हिरवट किंवा गुलाबी दिसला तर ते मशीन सोडून द्या. मॅट प्रिंटच्या गडद भागावरून सुकल्यावर बोट हलकेच फिरवा, घासल्याची खूण किती उठते ते कळतं. निकाल लगेच देऊ नका. प्रिंट घरी आणा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

७. शाईचा हिशोब

मशीनच्या किमतीपेक्षा पाच वर्षांच्या शाईची किंमत जास्त होऊ शकते. बहुतेक मशीन प्रत्येक जॉबला किती मिलिलिटर शाई गेली ते नोंदवतात. डेमोच्या प्रिंटचा तो आकडा मागून घ्या आणि शाईचा दर मोठ्या कार्ट्रिजचा धरा. ७०० मिलिलिटरचं कार्ट्रिज १६० च्यापेक्षा दर मिलिलिटरला स्वस्त पडतं. सोबत मिळणाऱ्या पहिल्या कार्ट्रिजमधली बरीच शाई नळ्या भरण्यातच जाते, म्हणून दुसरा सेट पहिल्याच बिलात धरा. एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) हेड धरलंय का, हे लेखी घ्या.

८. जागा आणि वीज

४४ इंची मशीन पाच-सहा फूट रुंद आणि शंभर किलोंच्या पुढे असतं. जिना, वळण आणि दार टेपने मोजा. चालू प्रिंटमध्ये वीज गेली तर हेड झाकलं न जाता उघडं राहतं आणि सुकतं, म्हणून यूपीएस हवाच. कोकणात पावसाळ्यात कागद ओल धरून वळतो, रोल पिशवीत बंद ठेवा. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट नोझल सुकतात.

मशीन बसलं की पहिल्या दिवशीचा नोझल चेक (सगळी नोझल्स चालू आहेत का ते दाखवणारं पान) आणि डेमोचं तेच पान छापून, तारीख टाकून फाइलला लावा. सहा महिन्यांनी तीच फाइल त्याच कागदावर छापा आणि दोन्ही पानं दारातल्या उजेडात शेजारी धरा.