राऊटरच्या रिसेटच्या भोकात पिन घालण्याआधी: घर-दुकानाच्या नेटवर्कमधल्या नेहमीच्या चुका

इंदुरात केबलवाल्याला फोन लागला की एकच वाक्य जातं, "भैया, नेट नहीं चल रहा." या पाच शब्दांत कितीतरी वेगवेगळे बिघाड मावतात. फोनचा वायफाय राऊटरपर्यंत पोहोचत नसेल, राऊटर आयपी पत्ता देत नसेल, भिंतीतली वायर अर्धी तुटली असेल, रस्त्यावरचा फायबर वाकला असेल, किंवा सगळं ठीक असून फक्त नावांचे पत्ते शोधणारा डीएनएस अडला असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पण बहुतेक घरांत पहिला उपाय ठरलेला: मागच्या बारीक भोकात पिन.

रिस्टार्ट आणि रिसेट यांत जमीन-अस्मानाचा फरक

रिस्टार्ट म्हणजे वीज बंद करून पुन्हा चालू करणं. रिसेट म्हणजे पेटी कारखान्यातून आली तशी कोरी करणं. पिन दहा सेकंद दाबली की पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करण्याचं) नाव आणि पासवर्ड, कंपनीने घातलेला व्हीलॅन क्रमांक (तुमची वाहतूक वेगळी ओळखायचा), वायफायचं नाव, प्रिंटरसाठी राखलेला पत्ता, सगळं पुसलं जातं. आधी नेट फक्त अडकलं होतं, आता कंपनीचा माणूस घरी येईपर्यंत चालूच होणार नाही, आणि हे हमखास शनिवारी संध्याकाळी होतं.

रिस्टार्टचीही घाई नको, कारण त्याने पुरावा जातो. आधी फायबरच्या पेटीच्या (बाहेरून आलेला फायबर जिथे संपतो आणि जिला राऊटर जोडलेला असतो) दिव्यांचा मोबाइलवर फोटो काढा. मग दोन्ही पेट्या बंद करा, ३० सेकंद थांबा, आधी फायबरची पेटी लावा. तिचा 'पॉन' (कंपनीशी जोडणी झाल्याचा) दिवा स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. तो स्थिर झाल्यावरच राऊटर. इन्व्हर्टरवर वीज बदलताना दोन्ही पेट्या एकदम उठतात, तेव्हा राऊटर आधी तयार होतो आणि कधीकधी रिकाम्या हाताने बसून राहतो. अशा घरांत नुसता राऊटर एकदा बंद-चालू केला तरी काम होतं.

'एलओएस' दिवा लाल असेल तर घरातलं काहीही उघडू नका, प्रकाश पेटीपर्यंत आलेलाच नाही. फार तर पिवळी किंवा काळी बारीक केबल खिळ्यावर घट्ट गुंडाळलेली आहे का, कपाटामागे चेपली आहे का, एवढं पाहा. काच वाकली की प्रकाश बाहेर सांडतो. चिकटपट्टीने फायबर जोडता येत नाही, आणि त्याच्या टोकात डोळा लावून पाहायचं नाही: तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. टोकाचा कनेक्टर हिरवा असेल तर निळ्यात खुपसू नका. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोन्ही एकमेकांत बसतात खरे, पण मध्ये फट राहते आणि सिग्नल पडतो. पेटीच्या सेटिंगमध्ये 'ऑप्टिकल पॉवर'चं पान असतं. तिथे उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं एकक) मध्ये आकडा हवा. उणे २६ दिसत असेल तर आज चालेल, पण काठावर आहे. तक्रार नोंदवताना हा आकडा सांगितला की "एक बार रिस्टार्ट करके देखिए" हे संभाषण बरंच लवकर संपतं.

बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते आधी ठरवा

राऊटरला वायरने जोडलेला एक संगणक घ्या. वायफायवरून तपासलं तर दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी 'आयपीकॉन्फिग'. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाने कंटाळून स्वतःच स्वतःला पत्ता दिलेला आहे, राऊटरकडून काही मिळालेलं नाही. म्हणजे वायर, पोर्ट किंवा राऊटरचं पत्ते वाटणारं खातं, डीएचसीपी, यांत गडबड. बाहेरच्या कंपनीला फोन करून उपयोग नाही.

पत्ता नीट असेल तर आधी राऊटरला पिंग करा (उत्तर येतं का हे पाहणारी कमांड), सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मग ८.८.८.८ ला, म्हणजे गुगलच्या सार्वजनिक डीएनएसला. मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राऊटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर दोष राऊटरच्या पुढे आहे. ८.८.८.८ पोहोचतो आणि नाव सापडत नाही, तर रस्ता मोकळा आहे, फक्त डीएनएस बंद आहे; राऊटरच्या डीएचसीपी पानावर डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ लिहा. या क्रमाला दोन मिनिटं लागतात, आणि त्याने अर्ध्या पेट्या निर्दोष सुटतात.

वायर: जिथे पैसे वाचवले जातात तिथेच

सर्वांत जास्त वेळ खाणारे बिघाड वायरीत असतात, कारण वायर अर्धवट चालते. पूर्ण तुटली असती तर बरं झालं असतं.

पहिली खूण: ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि स्पीड टेस्ट काही केल्या ९४-९५ च्या वर जात नाही. हा आकडा दिसला की कंपनीशी भांडू नका. १०० एमबीपीएसच्या इथरनेटवर पाकिटांची वेष्टनं वजा जाता हातात तेवढंच उरतं, म्हणजे मधली एखादी जोडणी गिगाबिटऐवजी १०० वर अडली आहे. कारणं दोनच. एक, राऊटर किंवा स्विचचे (एका वायरीच्या अनेक जोडण्या करणारी पेटी) पोर्टच १०० चे आहेत. स्वस्त राऊटरच्या खोक्यावर वायफायचा वेग मोठ्या अक्षरात आणि पोर्टचा वेग बारीक अक्षरात असतो. दोन, वायरीच्या आठ तारांपैकी एखादी निसटली आहे. १०० च्या जोडणीला फक्त १, २, ३ आणि ६ या पिना लागतात, गिगाबिटला आठही. निळी किंवा तपकिरी तार तुटली तर नेट बंद पडत नाही, गुपचूप खाली येतं.

दुसरी चूक रंगांच्या क्रमाची. योग्य क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बरेच जण हिरवा हिरव्याशेजारी आणि निळा निळ्याशेजारी असा सरळ क्रम लावतात. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे आठ दिव्यांचा टेस्टर खुशाल 'पास' म्हणतो. पण ३ आणि ६ या पिना मिळून एकच सिग्नल नेतात, आणि सरळ क्रमात त्या दोन वेगवेगळ्या पिळांतल्या तारांवर पडतात. एकाच जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात तेव्हाच बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडून कटतो; पीळ मोडला की शेजारच्या जोडीचा आवाज आत शिरतो. दोन मीटरची पॅच कॉर्ड अशी असली तरी खपून जाते. ३० मीटरवर मोठी फाइल रखडते, आणि पिंग मात्र ठणठणीत. क्रिंप करताना (तारांवर कनेक्टर दाबून बसवताना) पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका, आणि बाहेरचं प्लास्टिकचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलंच पाहिजे, नाहीतर वर्षभरात ताण थेट तारांवर येतो.

तिसरी, बाजारातली. जेल रोडवर फिरताना एकाच जाडीच्या दोन खोक्यांच्या भावात बराच फरक दिसला तर स्वस्तातली बहुधा सीसीए असते: ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. ब्लेडने तार खरवडा, आत चंदेरी दिसलं की समजायचं. मल्टिमीटर असेल तर ३०५ मीटरच्या अख्ख्या खोक्यातल्या एका तारेचा रोध मोजा: चांगल्या तांब्याचा २९ ओहमच्या आत येतो, सीसीएचा ४० च्या आसपास. याचा खरा फटका कॅमेऱ्यांना. वायरीतूनच वीज घेणारा कॅमेरा दिवसभर नीट चालतो, अंधार पडल्यावर त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते, लांब ॲल्युमिनियममध्ये व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा दर थोड्या वेळाने बंद-चालू होत राहतो. दुकानदार कॅमेरा बदलतो, मग स्विच. वायर तशीच राहते.

लांबीची मर्यादा १०० मीटर, त्यात ९० भिंतीतली आणि १० दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डची. सियागंजातल्या लांबलचक गोदामात मागच्या टोकाला कॅमेरा लावायचा तर वायर वर चढते, वळते, खाली उतरते. पावलांनी मोजलेले ७० मीटर केबलमध्ये सहज ९५ होतात. विजेच्या वायरींच्या पाइपातून ही केबल नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

दुसरा राऊटर आणला आणि पहिलाही गेला

वरच्या मजल्यावर रेंज नाही म्हणून जुना राऊटर जोडतात. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१, दोघंही डीएचसीपी चालवतात. मग ज्याने आधी उत्तर दिलं त्याच्याकडून फोन पत्ता घेतो: काकांचा फोन चालतो, काकूंचा नाही, अर्ध्या तासाने उलट. असं 'कधी याचं, कधी त्याचं' चित्र दिसलं की पहिला संशय दोन डीएचसीपींवर घ्यावा.

दुसरा राऊटर फक्त लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा, वायफायचं नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखाच ठेवा. मग पहिल्याच्या लॅन पोर्टमधून आलेली वायर दुसऱ्याच्याही लॅन पोर्टमध्येच. बाहेरचं नेट घेणारा वॅन पोर्ट रिकामा. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' असा पर्याय असेल तर हे सगळं एका क्लिकवर होतं.

याचाच चुलतभाऊ म्हणजे हाताने दिलेले पत्ते. डीव्हीआरला १९२.१६८.१.१०० देऊन ठेवला, आणि राऊटर १०० पासूनच पत्ते वाटतो. पाहुणा आला, त्याच्या फोनला १०० मिळाला, कॅमेरे गेले. वाटपाची मर्यादा ५० ते २०० ठेवा आणि प्रिंटर-डीव्हीआर यांना ५० च्या खालचे पत्ते द्या.

क्लासच्या लॅबमध्ये साफसफाईनंतर सगळेच संगणक एकदम थंड पडले आणि स्विचचे सगळे दिवे एका लयीत पिसाटल्यासारखे लुकलुकायला लागले, तर कोणीतरी सुटी दिसलेली वायर 'नीट' खोचून स्विच स्वतःलाच जोडला आहे. आयपी पाकिटाला आयुष्य असतं, प्रत्येक राऊटरवर एक आकडा कमी होतो आणि शून्यावर ते मरतं. इथरनेटच्या चौकटीला असं काही नाही, ती घिरट्या घालतच राहते आणि वाढत जाते. निम्म्या वायरी काढा. शांत झालं तर दोष त्या निम्म्यांत.

कोनाड्यातला वायफाय

रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या दीड फुटी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ जात नाही. त्यात राऊटर कोनाड्यात ठेवला तर तीन बाजूंनी वीट येते, आणि शेजारी लोखंडी कपाट असेल तर चौथीही गेली. मोकळ्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला लावा. गल्लीत घरं खेटून असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ३ किंवा ४ निवडणारा स्वतःलाही त्रास करून घेतो आणि दोन्ही शेजाऱ्यांनाही. रिपीटर रेंज संपते तिथे लावतात. तिथे त्यालाच काही ऐकू येत नाही. सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या आसपास असेल अशा मधल्या जागी लावा.

गच्चीवरून गच्चीवर

भावाच्या घरी तांब्याची लॅन केबल गच्चीवरून ओढणं ही माळव्यात महागडी चूक आहे. जूनच्या गडगडाटात वीज जवळपास पडली तरी त्या केबलमध्ये झटका येतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जळतात. शिवाय इथली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते, आणि दोन घरांच्या अर्थिंगमध्ये फरक राहतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ३ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. दोन घरांमध्ये फायबर टाका, दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे प्रकाशाचा लॅन सिग्नल करणारी पेटी. एकाच फायबरवर चालणारे कन्व्हर्टर जोडीनेच घ्यायचे, एक ए आणि एक बी. दोन ए आणले तर दोघंही बोलतात त्याच प्रकाशात आणि ऐकतात दुसऱ्याच. फायबरसोबत आधाराची स्टीलची तार असते, ती घरात शिरण्याआधी कापून वेगळी करा.

सगळं ठीक, तरी काहीतरी अडतं

बहुतेक साइट उघडतात, एक-दोन अर्ध्यावर लटकतात: एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी, तपासा. पीपीपीओई ८ बाइट खातं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ उरतात. विंडोजवर 'पिंग -एफ -एल १४६४ ८.८.८.८' जायला हवं. २८ बाइट शीर्षकांचे धरले की १४९२ होतात. ते गेलं पण १४७२ अडलं तर राऊटरच्या वॅन पानावर एमटीयू १४९२ लिहा.

बाहेरगावाहून दुकानाचे कॅमेरे दिसत नाहीत, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायला राऊटरमध्ये दार उघडणं) तीनदा केलं. राऊटरच्या वॅनचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे, आणि तुमच्या राऊटरवर कितीही दारं उघडली तरी फाटक त्यांच्याकडे आहे. महिन्याचे थोडे पैसे जास्त देऊन स्थिर सार्वजनिक आयपी मागा, किंवा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲपमधली क्लाउड जोडणी वापरा. तिला बाहेरून आत यावं लागत नाही.