वापरलेले लिमिटेड एडिशन एअर पिस्तूल घेताना

दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात उतरलेला मुंबईचा नेमबाज सुरुवातीचा काळ बहुधा रेंजवरच्या, म्हणजे सरावाच्या मैदानावरच्या, सामाईक पिस्तुलावर काढतो. गुण स्थिरावू लागले, राज्य स्पर्धेच्या पलीकडे नेमबाजीची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा दिसू लागली, की स्वतःच्या पिस्तुलाचा विषय घरात निघतो. आणि चांगले परदेशी पिस्तूल नवे घ्यायचे तर आकडा लाख-दीड लाखाच्या पुढे जातो, म्हणून वापरलेल्या पिस्तुलाची चौकशी सुरू होते. नेमके अशा वेळी कोणीतरी सांगते की एका नेमबाजाकडे लिमिटेड एडिशन आहे, रंग वेगळा आहे, मुठीचे लाकूड खास आहे, सोबत प्रमाणपत्रही आहे, मात्र किंमत नव्याच्या जवळपास आहे. असे पिस्तूल घेऊ नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण आधी ते नेम धरण्याचे साधन म्हणून तपासावे, त्या कसोटीवर उतरले तरच त्याच्या दुर्मीळपणाची किंमत करायला बसावे, हा क्रम कधीही उलटू देऊ नये.

प्रथम कायद्याचे. येथे विषय फक्त हवेच्या दाबावर चालणाऱ्या ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ व्यासाच्या पिस्तुलाचा आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार या व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ऊर्जा जेमतेम सहा ज्यूलच्या आसपास असते. काडतुसाच्या पिस्तुलाची गोष्ट पूर्ण निराळी आहे. तेथे शस्त्र अधिनियम, १९५९ लागू होतो, विकणारा आणि घेणारा दोघांकडेही परवाना असावा लागतो, आणि विक्रीपूर्वी लेखी सूचना देऊन ४५ दिवस थांबावे लागते. त्या वाटेने जाणाऱ्याने पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नये.

आता लिमिटेड एडिशन म्हणजे नेमके काय, ते पाहू. या क्षेत्रात मोजकीच नावे आहेत: ऑस्ट्रियाची स्टायर, स्वित्झर्लंडची मोरिनी, जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ आणि वॉल्थर, इटलीची पार्दिनी. खास आवृत्ती काढताना कंपनी सहसा चालू मॉडेलचीच यंत्रणा घेते आणि तिच्यावर वेगळ्या रंगाचे ॲनोडायझिंग (धातूवर रासायनिक प्रक्रियेने चढवलेला रंग), वेगळ्या लाकडाची मूठ, कोरलेला अनुक्रमांक आणि सजवलेली पेटी चढवते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा की या रंगाखाली मॉडेल कोणते आहे. ते मॉडेल अजून उत्पादनात असेल किंवा त्याचे सुटे भाग सहज मिळत असतील, तर पिस्तूल पुढेही चालत राहील. मॉडेल बंद पडले असेल आणि त्याचे सील, व्हॉल्व्ह, ट्रिगरचे भाग मागवायला वणवण करावी लागणार असेल, तर कोरलेला आकडा कितीही सुंदर असला तरी सराव करणाऱ्याने हात आखडता घ्यावा. संग्रहासाठी घेणाऱ्याचे गणित वेगळे असते, पण हा लेख मुख्यतः नेमबाजासाठी आहे.

विक्रेत्याकडून फ्रेमवरच्या अनुक्रमांकाचा स्पष्ट फोटो मागवावा आणि तो पेटीवर, प्रमाणपत्रावर व कारखान्याच्या चाचणी कार्डावर असलेल्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे. हे चाचणी कार्ड, म्हणजे कारखान्यात पिस्तूल शिकंजात धरून मारलेल्या छर्‍यांचा कागद, पुष्कळ जण जपून ठेवतात, आणि ज्याने ते जपले त्याने पिस्तूलही जपले असण्याची शक्यता अधिक असते. त्यानंतर तोच क्रमांक कंपनीला ई-मेलने पाठवून निर्मितीचे वर्ष आणि हे पिस्तूल खरोखर त्या आवृत्तीतले आहे का, ही विचारणा करावी. उत्तर यायला वेळ लागला तरी थांबावे. ‘आज संध्याकाळपर्यंत सांगा, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे’ असा तगादा लावणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे नकार द्यावा.

रंगाची पारख मूठ काढून होते. विक्रेत्याच्या परवानगीने मुठीचा स्क्रू सैल करून मूठ उतरवली, की आतला भाग दिसतो. हाताचा घाम आणि घर्षण तेथे पोहोचत नाही, त्यामुळे तेथला मूळ रंग बाहेरच्यापेक्षा किंचित ताजा असतो, पण छटा तीच असते. आत काळे आणि बाहेर निळे किंवा सोनेरी असे दिसले, स्क्रूच्या खाचेत रंग साचलेला आढळला, किंवा कोरलेल्या अक्षरांच्या कडांवर रंगाचा थर चढलेला दिसला, तर रंगकाम नंतर झाले आहे असे समजावे. रंग दिलेले पिस्तूल चालायला उत्तम असू शकते. फक्त त्याला खास आवृत्तीचा भाव देऊ नये.

यापुढे सर्वांत महत्त्वाचा भाग येतो तो सिलिंडरचा, आणि खेदाची गोष्ट म्हणजे नवखे खरेदीदार नेमका तोच शेवटी पाहतात. दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते आणि त्याचे आयुष्य त्या तारखेपासून १० वर्षे धरले जाते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या उपकरण तपासणीत नाकारला जाऊ शकतो, आणि तशी वेळ आली नाही तरी सुमारे २०० बार दाब हातात धरून त्याच्या वयाकडे काणाडोळा करणे योग्य नाही. पिस्तूल आठ वर्षांचे असेल आणि दोन्ही सिलिंडर त्याच्याच सोबतचे असतील, तर दोन वर्षांत दोन्ही बदलावे लागणार हे उघड आहे. त्यांची आजची किंमत काढून ती सांगितलेल्या भावातून वजा करावी. खास आवृत्तीचा रंगीत सिलिंडर पुन्हा मिळेलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे.

गळतीची चाचणी घाईत होत नाही. सिलिंडर पूर्ण भरून, पिस्तुलाला जोडून, मापकाचा काटा कोठे आहे त्याचा फोटो घ्यावा आणि पिस्तूल रात्रभर रेंजच्या कपाटात ठेवण्याची विनंती करावी. सकाळी काटा जागचा हलला नसेल तर सील शाबूत आहेत. काटा खाली आला असेल तर सिलिंडर काढून वेगळा ठेवावा आणि पुन्हा पाहावे: वेगळा ठेवल्यावर दाब टिकतो पण जोडल्यावर उतरतो, असे असेल तर दोष पिस्तुलाच्या आत आहे.

मुंबईच्या दमट हवेचा प्रश्नही येथेच येतो. पावसाळ्यात हातपंपाने सिलिंडर भरला तर हवेतली वाफ दाबाखाली पाण्याच्या थेंबांत बदलते आणि थेंब आतल्या भागांपर्यंत जातात. म्हणून हवा कशाने भरत होता, पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर होता का, हे विक्रेत्याला जरूर विचारावे. सिलिंडरच्या तोंडाशी आणि भरणाच्या जोडणीत गंजाचे डाग किंवा पांढुरकी भुकटी दिसली तर उत्तर आपोआप मिळते. सीलना साधे तेल लावण्याची सवय असलेल्याकडून पिस्तूल घेताना विशेष सावध राहावे, कारण उच्च दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकते. तेथे उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन ग्रीसच चालते.

ट्रिगरची कसोटी सोपी आहे. नियमानुसार एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो. पिस्तूल कॉक करून, म्हणजे झाडण्यासाठी सज्ज करून, हवेचा दाब चालू ठेवून, नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन अडकवून उचलावे. वजन जमिनीवरून पूर्ण उचलले गेले तरी ट्रिगर सुटता कामा नये. रेंजवर हे वजन असतेच. त्यानंतर पिस्तुलाच्या ड्राय फायर (छर्रा न सोडता ट्रिगर दाबण्याच्या) सोयीवर शांतपणे पुष्कळदा ट्रिगर दाबून पहिला टप्पा संपून दुसरा कोठे लागतो ते बोटाला दर वेळी सारखेच कळते का, हे पाहावे. मोरिनीच्या सीएम १६२ ईआय सारख्या इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या पिस्तुलात बॅटरीचे कप्पे उघडून हिरवट क्षार पाहावेत, नवी बॅटरी घालून लांबलचक सराव करावा. ऐन फेरीत पिस्तूल बिघडले तर काय होते, हे टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली साऱ्या देशाने पाहिले. मनू भाकरची मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. त्याच प्रकारात तिने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले. जगातल्या उत्तम पिस्तुलाच्या बाबतीत हे घडू शकते, तर अज्ञात हातांतून आलेल्या पिस्तुलाची कसून परीक्षा घेण्यात संकोच कसला?

नळीत प्रकाश टाकून आतील आटे पाहावेत आणि तोंडाची कड बोटाने नव्हे तर भिंगाने तपासावी. खरी कसोटी मात्र कागदावरची. पिस्तूल शिकंजात बांधून दहा मीटरवरून एकाच खोक्यातले छर्रे मारावेत. दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते, आणि निरोगी पिस्तुलाची छिद्रे त्या वर्तुळात मिसळून जवळपास एकच भोक होते. छिद्रे पसरली तर लगेच नळीला दोष देऊ नये. दुसऱ्या बनावटीचे आणि ४.४९ किंवा ४.५० मिलिमीटर आकाराचे छर्रे वापरून पुन्हा मारावे. क्रोनोग्राफ मिळाला तर वेगही मोजावा. वेग दर छर्‍यागणिक वरखाली होत असेल तर रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग, दुरुस्तीला आला आहे.

मुठीबाबत माझे मत ठाम आहे. आधीच्या मालकाने आपल्या हाताप्रमाणे कानस चालवलेली किंवा पुट्टी भरलेली मूठ आपल्या हाताला बसत नसेल, तर ती कितीही दुर्मीळ लाकडाची असली तरी नेमबाजाच्या दृष्टीने ती बदलायचीच आहे, आणि बदली मुठीचा खर्च भावात धरायला हवा. मूठ मनगटाला आधार देता कामा नये, आणि पूर्ण पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसले पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत राहिले पाहिजे. जाड, वाढवलेल्या मुठी या खोक्यात अडकतात. उलट, मूठ अस्पर्श असेल आणि आपल्या मापाची असेल, तर खास आवृत्तीसाठी थोडे अधिक मोजण्याचे ते सबळ कारण आहे.

भाव ठरवताना त्याच मॉडेलच्या साध्या, तितक्याच वयाच्या पिस्तुलाचा भाव आधी काढावा. त्यातून सिलिंडर, सील आणि मुठीचा खर्च वजा करावा, आणि मग उरलेल्या रकमेवर आवृत्तीसाठी आपल्याला झेपेल तेवढीच भर घालावी. प्रमाणपत्र, मूळ पेटी, चाव्या, पिस्तुलाचा तोल साधणारी वजने, दुसरा सिलिंडर यांतले काही नसेल तर ती भर त्या प्रमाणात उतरवावी.

मूळ बिल पाहिल्याखेरीज व्यवहार करू नये. पिस्तूल परदेशातून आणलेले असेल तर सीमाशुल्काचे कागद मागावेत, आणि नेमबाजांच्या सवलतीत आणलेले असेल तर पुनर्विक्रीवर काही अट आहे का, हे नेमबाजी संघटनेच्या कार्यालयात विचारून घ्यावे. विक्रीपत्रावर दोघांची नावे, ओळखपत्रांची नोंद, मॉडेल, अनुक्रमांक, सिलिंडरच्या तारखा आणि रक्कम लिहून दोघांनी सही करावी. पैसे बँकेतून द्यावेत, म्हणजे पुढे कोणी विचारल्यास पिस्तूल कोठून आले हे दाखवता येते.

व्यवहार नेहमी रेंजवरच करावा. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजसारख्या ठिकाणी प्रशिक्षक हजर असतात आणि पिस्तूल बाहेर काढण्यात गैर काही नसते. दादर स्थानकाच्या पुलावर, उपाहारगृहात किंवा इमारतीच्या जिन्यात पेटी उघडणे ही मोठी चूक ठरेल, कारण पाहणाऱ्याला ते खरे पिस्तूलच वाटते आणि पोलिसांनाही तसेच वाटणे स्वाभाविक आहे. लोकलने घरी नेताना पिस्तूल रिकामे, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचे दाखवणारी खूण), सिलिंडर वेगळा आणि पेटीला कुलूप असावे. बिलाची प्रत, विक्रीपत्र आणि क्लबचे ओळखपत्र वरच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे स्थानकावर पिशवी तपासली गेली तर पेटीला हात लावण्याआधी कागद पुढे करता येतात.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सर्व सील बदलून घ्यावेत, मग विक्रेत्याने ते नुकतेच बदलल्याचे सांगितले असले तरी. पेटीत सिलिका जेलची पाकिटे ठेवून ती पावसाळ्यात वरचेवर बदलावीत, आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत रेंजचे जुने पिस्तूल हाताशी राहील अशी व्यवस्था प्रशिक्षकांशी बोलून आधीच करून ठेवावी.