रिओहा उघडताय? या चुका टाळा

स्पेनच्या रिओहा भागातली ड्राय, म्हणजे गोड नसलेली, रेड वाईन ‘तुरट लागली’, ‘आंबट निघाली’ म्हणून अर्धी बाटली तशीच पडून राहते, तेव्हा बहुतेक वेळा वाईन ठीकच असते. चुकलेलं असतं ते ताट.

सगळ्यात मोठी चूक तिखटाची. रेड वाईन म्हटलं की मटण, एवढंच डोक्यात ठेवून लोक तांबड्या रश्शासोबत रिओहा काढतात. हिच्यात साधारण साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल असतं आणि अल्कोहोलने मिरचीचा जाळ आणखी भडकतो. पोळलेल्या जिभेला टॅनिनचा (द्राक्षाच्या साली-बियांतून वाईनमध्ये उतरणाऱ्या द्रव्याचा) तुरटपणाही जास्तच बोचतो. तिकडे रिओहात, एब्रो नदीच्या खोऱ्यात, ही वाईन कशाबरोबर पितात ते बघा. कोवळ्या कोकराच्या बरगड्या, छाटणीत निघालेल्या वाळक्या द्राक्षकाड्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या. वर जाडं मीठ. मसाला नाहीच. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनचा तुरटपणा बोथट करतात, मीठही त्याला हातभार लावतं, मग टेंप्रानियो द्राक्षाची चेरीसारखी चव आणि ओकच्या पिंपातला व्हॅनिलाचा वास वर येतो. आपल्याकडे याच्या जवळ जातं ते अळणी मटण. तिखट घालण्याआधी पोरांसाठी बाजूला काढतात तेच. मटणाशिवाय हवं असेल तर मांचेगोसारखं मुरलेलं चीज किंवा लसूण घालून परतलेले मश्रूम. रिओहाची राजधानी लोग्रोन्यो, तिथल्या लाउरेल गल्लीत तर मश्रूमवरच चालणारे बार आहेत.

रिओहाचा बटाटा-चोरिसोचा (चोरिसो म्हणजे स्पॅनिश पोर्क सॉसेज) रस्सा घरी करायचा आणि त्यात गोव्याचं चोरीस घालायचं, ही दुसरी चूक. दिसायला दोन्ही लाल, पण स्पॅनिश चोरिसोचा रंग पिमेंतोन नावाच्या मिरचीपुडीचा असतो, आणि ती बहुधा सौम्य, धुरावलेली. गोव्याच्या चोरीसमध्ये व्हिनेगर आणि झणझणीत मिरची, म्हणजे या वाईनचे दोन्ही वैरी एकाच सॉसेजमध्ये. पावाबरोबर ते खुशाल खा, झकास लागतं. या रश्शात मात्र साधं पोर्क सॉसेज आणि स्मोक्ड पाप्रिका बरी. ताटातलं लोणचंही तेवढ्यापुरतं दूर ठेवा.

दुकानात ‘सगळ्यात जुनी द्या’ म्हणणं म्हणजे बऱ्याचदा पैसे वाया. मागच्या लेबलावरचा छोटा शिक्का बघा. हिरवा म्हणजे मुरवण्याची अट नसलेली, बहुधा तरुण वाईन. लाल म्हणजे क्रिआंझा: किमान 2 वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान 1 वर्ष पिंपात. गडद किरमिजी म्हणजे रेसेर्वा, 3 वर्षांची. निळा म्हणजे ग्रान रेसेर्वा, 5 वर्षांची, त्यातली किमान 2 पिंपात आणि 2 बाटलीत. ग्रान रेसेर्वाचा स्वभाव नाजूक, सुकलेली फळं आणि चामड्याच्या वासाचा. बार्बेक्यू सॉसखाली ती पार दबून जाते. रोजच्या जेवणाला क्रिआंझाच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

‘रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची’ हा सल्ला थंड देशातल्या घरांचा. रिओहाला 16 ते 18 अंश हवेत. मे महिन्यात पुण्यात किंवा नागपुरात कपाटातून काढलेली बाटली तशीच ओतली तर नाकाला फक्त स्पिरिटचा भपका येतो. प्यायच्या आधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. मात्र बर्फगार करू नका, तुरटपणा वाढतो.

मासे? बांगडा तर नकोच. रेड वाईनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात धातूसारखी, हिंवस चव रेंगाळते. रिओहात कॉड मासा टोमॅटो आणि लाल ढोबळ्या मिरचीत शिजवून रेडबरोबर खातात हे खरं, पण कॉडमध्ये तेल फार कमी.

गोव्याच्या गोड पोर्ट वाईनची सवय असेल तर पहिला घोट कोरडा वाटणारच, तो बाटलीचा दोष नव्हे. फक्त गुलाबजामनंतर ग्लास उचलू नका, आंबट-कडूच लागेल.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. जुन्या ग्रान रेसेर्वाच्या तळाशी गाळ दिसला तर घाबरून फेकू नका. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, सावकाश ओता आणि शेवटचा बोटभर भाग तसाच राहू द्या.