फरशी बसण्याआधी: बंगल्याभोवतीच्या बागेची तयारी

बंगल्याभोवतीचे अंगण आणि बाग एकदम नव्याने करायचे ठरले, की घरात पहिली चर्चा झाडांची होते आणि दुसरी फरशीच्या रंगाची. या दोन्ही गोष्टी यादीत बऱ्याच खाली येतात. सर्वांत वर, ठळक अक्षरांत, एवढेच लिहून ठेवावे: जिथे जिथे फरसबंदी होणार आहे, तिथे तिथे तिच्याखालून चार इंची पीव्हीसीचे रिकामे पाइप आधी टाकून घ्यावेत. मागच्या खेपेस आमच्याकडे बाकी सारे झाले आणि नेमके हेच राहिले, त्यामुळे पुढे हा पाइप वारंवार येणार आहे.

कारण साधे आहे. मेलेले झाड बदलता येते, हिरवळ पुन्हा लावता येते, दिव्यांची जागाही हलवता येते. परंतु गाडीच्या वाटेपलीकडच्या वाफ्यापर्यंत पाण्याची नळी न्यायची राहिली, तर बसलेले पेव्हर ब्लॉक उचकटावे लागतात, दाबलेला मुरूम उकरावा लागतो, आणि खालची माती काळी असेल तर पुन्हा बसवलेली ओळ धुमसाने कितीही चोपली तरी पहिल्या पावसाळ्यात खचते. आमच्या फाटकाच्या आत अशी एक आडवी खाच आहे. तिच्यात पाणी साचते, शेवाळ धरते आणि नव्या पाहुण्याचा पाय बरोबर तिथेच अडखळतो.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात मोजणीपासून करावी. सामासिक अंतरे (घर आणि हद्द यांच्यामध्ये नियमाने मोकळी सोडायची जागा), ड्रेनेजचे चेंबर, पाण्याची टाकी, बोअर, गच्चीवरून उतरणारे नळ आणि वीजमीटर हे सारे एका कागदावर मापांसह मांडावे. चेंबरची झाकणे फरशीखाली गाडू देऊ नयेत. पर्गोला किंवा कोणतेही छप्पर सामासिक अंतरात येत असेल, तर महापालिकेत आधी विचारावे. जुने झाड काढायचे असल्यास १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार परवानगी लागते, झाड आपल्याच आवारातले असले तरीही. मुकादमाच्या सांगण्यावरून रविवारी सकाळी करवत चालवू नये.

त्यानंतर माती. नाशिकच्या आडगाव-मखमलाबाद बाजूला जिथे पूर्वी मळे होते, तिथल्या प्लॉटांवर बहुधा काळी माती लागते. टेकडीलगतच्या जागांवर थोडे खणले, की मुरूम किंवा खडक येतो. शिवाय कुठल्याही नव्या घराभोवती बांधकामाचा राडारोडा पुरलेला असण्याची शक्यता असतेच. म्हणून दोन-तीन ठिकाणी दीड फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने काठोकाठ भरावा, जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे दिसले, तर निचरा नाही असे समजावे. अशा जमिनीत झाडासाठी मोठा खड्डा घेऊन त्यात उत्तम लाल माती आणि शेणखत भरण्याची पद्धत घातक ठरते, कारण भोवतालची काळी माती पाणी सोडत नाही, खड्ड्याचा हौद होतो आणि मुळे कुजतात. तिथे उंचवटा करून त्यावर झाड लावणे अधिक शहाणपणाचे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. फरशीखाली ती तशीच ठेवली, तर फरशीही तिच्याबरोबर हलते. ती उपसून मुरूम थराथराने, पाणी मारून दाबावा लागतो. ठेकेदार एकाच थरात भरून मोकळा होऊ पाहतो. त्या दिवशी आपण घरी असावे. चालण्याच्या वाटेला ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक पुरतात, गाडीखाली ८० लागतात.

उपसा झाला आहे आणि मुरूम अजून पडलेला नाही, हीच पाइपाची वेळ. वाटेच्या प्रत्येक पट्ट्याखालून दोन पाइप टाकावेत, एक पाण्यासाठी आणि एक विजेसाठी. एकाच पाइपात दोन्ही घालू नयेत. वाटेच्या दोन्ही कडांपलीकडे त्यांची टोके निदान अर्धा फूट बाहेर राहावीत, मध्ये कोपरा नसावा, आत नायलॉनची दोरी ओवून ठेवावी आणि टोकांना टोपणे लावावीत. मुकादम हमखास म्हणेल, “लागलाच तर मागाहून टाकू, साहेब.” मागाहून टाकता येत नाही. दरपत्रकातच पाइपाची ओळ स्वतंत्र लिहून घ्यावी, म्हणजे ‘किरकोळ’ या शब्दात ती बुडणार नाही. पाइप झाकण्यापूर्वी मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्र काढावे आणि टोकांची अंतरे जोत्याच्या कोपऱ्यापासून मोजून कागदावर लिहावीत, कारण पाइप टाकूनही तो कुठे आहे हे कोणालाच न आठवणे हा प्रकार न टाकण्याइतकाच महागात पडतो.

उताराचे काम डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब असते. ती आपल्यासमोर लावून घ्यावी. घरापासून बाहेरच्या दिशेने दर दहा फुटांना दीड ते दोन इंच उतार हवा आणि बागेची माती जोत्याच्या पातळीपेक्षा सहा इंच तरी खाली राहायला हवी, नाहीतर हॉलच्या भिंतीला ओल चढते आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. गच्चीच्या पाण्याचा हिशेबही करावा: एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला, की सुमारे २,३०० लिटर पाणी खाली येते. ते फरशीवरून वाहू देण्यापेक्षा शोषखड्ड्यात किंवा बोअरच्या पुनर्भरणाकडे न्यावे. न्यायचे कशातून, तर पुन्हा फरशीखालून, म्हणजे गच्चीच्या प्रत्येक नळासाठी आणखी एक पाइप त्याच वेळी टाकायचा.

वेळापत्रक उलट बाजूने आखावे. झाडे आणि हिरवळ जूनच्या मध्यानंतर, पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर लावायची असतील, तर फरशीचे काम मेच्या मध्याला संपले पाहिजे. त्यासाठी खोदाई नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुरू व्हावी, आणि पाणी कुठे तुंबते याचे निरीक्षण त्याच्या आधीच्या पावसाळ्यातच व्हायला हवे. सिंहस्थाच्या आधीच्या काळात कारागीर आणि यंत्रे रस्त्या-घाटांच्या कामांकडे वळतात, हेही जमेस धरावे. इसार देताना तारीख लिहून घ्यावी. तोंडी तारखांना अर्थ नसतो.

मातीची मागणी ब्रासमध्ये करावी. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सहाशे चौरस फुटांवर सहा इंच थर द्यायचा, तर तीन ब्रास लागतात, आणि माती बसते म्हणून थोडी जास्तच मागवावी. ‘दोन ट्रॉली पुरतील’ हे ऐकून गप्प बसू नये. माती येताच चाळून पाहावी. लव्हाळ्याच्या गाठी असल्यास ट्रॉली परत पाठवावी, कारण हिरवळीत लव्हाळा शिरला की तो निघत नाही.

झाडांविषयी थोडेच. वड, पिंपळ, उंबर भिंतीजवळ नकोत. गुलमोहर आणि शेवगा यांच्या फांद्या वाऱ्याने मोडतात, तेव्हा गाडीवर नकोत. बहावा, पारिजातक, कांचन, कढीपत्ता चालतील. रोपवाटिकेतून फुललेले रोप निवडण्याचा मोह टाळून मुळांची पिशवीच्या आत गोल वेटोळी झालेली नाहीत ना, एवढे पाहावे.

ठिबकसाठी १६ मिलिमीटरची नळी आणि आधी फिल्टर. जिल्हा द्राक्षांचा असल्याने साहित्य आणि जोडणारे कारागीर दोन्ही सहज मिळतात. बोअरचे पाणी जड असेल तर ड्रिपर क्षाराने बुजतात, म्हणून अधूनमधून टोके उघडून नळ्या धुवाव्यात. बाहेरच्या दिव्यांना बारा व्होल्टची जोडणी आणि घरातल्या विजेच्या फळीवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच. तारा कुठून न्यायच्या, हे आता सांगायला नको.

हिरवळ सर्वांत शेवटी.

देयकाचा अखेरचा हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन पाणी उताराने बाहेर गेलेले दिसेपर्यंत हातात ठेवावा, आणि तो देण्याआधी प्रत्येक पाइपातली दोरी एका टोकाने ओढून दुसऱ्या टोकाला हलते की नाही, हे स्वतः पाहावे.