जुन्या जीपसाठी घरी बनवा रेडिएटर फॅनचा कंट्रोलर

खंबाटकी घाटात पुढे एखादा ट्रक बंद पडला की मागच्या रांगेतल्या जुन्या जीपवाल्याची नजर टेंपरेचरच्या काट्याला चिकटते. पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो. गाडी आयडलला उभी, समोरून वारा नाही, अशा वेळी तो सगळ्यात सुस्त असतो. उलट डिसेंबरच्या पहाटे हायवेवर, काही गरज नसताना, तो इंजिनाची ताकद खात घोंघावत राहतो. माझ्या पेजो डिझेलच्या महिंद्रा एमएम ५४० जीपला म्हणून मी इलेक्ट्रिक फॅन बसवला. फॅन बसवणं हे एका रविवारचं काम. तो कधी चालू व्हावा आणि कधी बंद, हे ठरवणारी डबी बनवताना मात्र दोनदा आपटलो.

एक आधीच सांगतो. ज्या गाडीत फॅन ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांभाळतो, तिथे यातलं काही करू नका. हे जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांसाठी आहे.

फॅन आणि जाड वायरिंग

मोठ्या गाडीचा १२ व्होल्टचा फॅन जुन्या बाजारात मिळतो. घेण्याआधी बॅटरीला लावून क्लॅम्प मीटरने करंट मोजा. माझा १२ अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. जुन्या गाडीचा अल्टरनेटर लहान असतो. रात्री हेडलाइट, वायपर आणि फॅन एकत्र चालवून बॅटरीचा व्होल्टेज १३ च्या खाली घसरत नाही ना, ते बघून घ्या.

जुना पंखा काढताना वॉटर पंपाची पुली आणि पट्टा जागेवरच राहू द्या, पंप त्यावरच फिरतो. पंखा निघाला की तेच बोल्ट लांब पडतात आणि आत टेकू शकतात, म्हणून आखूड बोल्ट किंवा वॉशर लावा. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर वारा इंजिनाकडे गेला पाहिजे. ग्रिलसमोर कागद धरा. तो जाळीला चिकटला तर दिशा बरोबर.

बॅटरीच्या प्लसपासून २० अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. तिथून ४ स्क्वेअर एमएमची वायर चार पिनी ऑटो रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) ३० नंबरला, ८७ वरून फॅनला, आणि फॅनची दुसरी वायर बॉडीवर रंग खरवडून. थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून झाल्यावर वायर जोरात ओढून बघा. हातात आली तर हायवेवरही निसटणारच होती.

डोकं असलेली डबी

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत एका फेरीत मिळतं: एलएम ३५८ आयसी (दोन व्होल्टेजची तुलना करायला), ७८०८ रेग्युलेटर, बीडी १३९ ट्रान्झिस्टर, १० के (१० हजार ओहम) चा एनटीसी थर्मिस्टर (तापला की याचा रेझिस्टन्स कमी होतो; बीटा ३९५०), १ के चा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), दोन-तीन १एन ४००७ डायोड, किरकोळ रेझिस्टर-कपॅसिटर आणि झिरो पीसीबी.

हा थर्मिस्टर २५ अंशांना १० हजार ओहम दाखवतो. ८८ अंशांना साधारण ९९०, ९५ ला साधारण ८०५. आपलं सगळं गणित या दोन आकड्यांवर. ८ व्होल्टपासून १ के रेझिस्टर, त्याखाली थर्मिस्टर आणि मग अर्थ, अशी जोडणी केली की मधल्या टोकावर ८८ अंशांना ३.९८ व्होल्ट मिळतात आणि ९५ ला ३.५७. हे टोक आयसीच्या २ नंबर पिनला. प्रीसेटचे कडेचे दोन पाय ८ व्होल्ट आणि अर्थला, मधला पाय १० के रेझिस्टरमधून ३ नंबरला. १ नंबर, म्हणजे आउटपुट, १५० के मधून परत ३ नंबरला. ४ ला अर्थ, ८ ला ८ व्होल्ट.

तो १५० के विसरला की घोटाळा होतो. तो नसेल तर पाणी ९५ वर रेंगाळत असताना रिले टक-टक-टक करत राहतो आणि त्याचे पॉइंट जळतात. तो असला की फॅन ९५ ला सुरू होतो आणि ८८ पर्यंत उतरल्यावरच थांबतो. प्रीसेटच्या मधल्या पायावर सुमारे ३.८ व्होल्ट ठेवा, बाकीचं पातेल्यात जमवू.

हे आकडे ८२ अंशांच्या थर्मोस्टॅटसाठी (तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) आहेत. बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅट उघडण्याच्या आकड्यापेक्षा वरच हवा, नाहीतर फॅन थांबायचं नाव घेत नाही. तुमचा थर्मोस्टॅट ८८ चा असेल तर दोन्ही आकडे चार-पाच अंशांनी वर न्या.

आउटपुटपासून १ के मधून बीडी १३९ च्या बेसला, एमिटर अर्थला, कलेक्टर रिलेच्या ८५ ला. ८६ ला किल्लीवरचा प्लस. ८५ आणि ८६ मध्ये डायोड आडवा, पट्टीची बाजू ८६ कडे. इथेच मी पहिल्यांदा आपटलो. घरात पडलेला बीसी ५४७ लावला. त्याची कमाल मर्यादा १०० मिलीअँपिअर आणि रिलेची कॉइल दीडशेच्या आसपास घेते. तीन आठवडे चालला आणि सासवडच्या अलीकडे गेला.

७८०८ ला किल्लीवरून सप्लाय देताना मध्ये २ अँपिअरचा फ्यूज, मग १एन ४००७, मग २२ ओहम १ वॉटचा रेझिस्टर, आणि त्यानंतर अर्थला १८ व्होल्टचा झेनर व १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. गाडीच्या लाइनवर अधूनमधून जे उंच झटके येतात, ते इथे अडतात.

सेन्सर

पितळी बोल्टला आतून छिद्र पाडा, थर्मिस्टर हीट पेस्टसकट तळाला बसवा आणि मागून अराल्डाइट भरा. हा बोल्ट थर्मोस्टॅट हाउसिंगवर, गरम पाणी रेडिएटरकडे जातं त्या बाजूला. मीटरच्या सेन्सरच्या वायरला टाका मारून काम उरकू नका, काटा खोटं सांगायला लागेल. बसवण्याचं काम इंजिन पूर्ण थंड असतानाच. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

पातेल्यातली परीक्षा

सेन्सर गाडीत जाण्याआधी स्टीलच्या पातेल्यात, शेजारी डिजिटल थर्मामीटर, खाली मंद गॅस. सर्किट बॅटरीवर चालू ठेवा. पाणी ९५ ला आलं की प्रीसेट सावकाश फिरवा आणि रिलेचा ‘टक’ आवाज आला की हात थांबवा. थर्मिस्टर त्याच्यातूनच वाहणाऱ्या करंटने किंचित तापतो, ती चूकही यात धरली जाते. आता गॅस बंद करा आणि दुसरा ‘टक’ ८८ च्या आसपास येतो का ऐका. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे थर्मामीटर तिथे अडकला तर त्याला दोष देऊ नका. महाबळेश्वरला तर ते ९५-९६ लाच उकळतं. तिथे हा प्रयोग जमणं कठीण.

डॅशबोर्डवरचं बटण

हे ऐच्छिक नाही. एनटीसीची वायर तुटली तर सर्किटला वाटतं इंजिन थंडगार आहे, आणि फॅन लागतच नाही. माझी दुसरी आपटी हीच. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी गेलं, पाय गंजून तुटला आणि काटा लाल पट्टीकडे सरकला तरी डबी गप्प. गावातला इलेक्ट्रिशियन बोनेटमध्ये डोकावून म्हणाला, “साहेब, सर्किट झकास आहे, पण बटण कुठंय?” रिलेच्या ८५ वरून एक वायर डॅशबोर्डवरच्या साध्या स्विचला आणि तिथून अर्थला न्यायची. स्विच दाबला की आयसी, ट्रान्झिस्टर, सेन्सर सगळं बाजूला राहतं आणि फॅन फिरतो. फॅनच्या वायरवरून एक छोटा दिवाही डॅशबोर्डवर आणा. काटा चढतोय आणि दिवा लागलेला नाही, हे मग घाटातही लगेच कळतं.

पहिले चार दिवस गाडी घरासमोर आयडलवर ठेवून फॅन दोन-तीनदा लागून बंद होताना बघा. नंतर घाट. ग्लव्ह बॉक्समध्ये एक जादा रिले आणि २० चा फ्यूज टाकून ठेवा.