मोठी संख्या मूळ आहे का? तपासताना या चुका टाळा

छोट्या संख्यांवर प्रोग्राम बिनचूक चालतो, पण २^६१ − १ दिली की ‘मूळ नाही’ म्हणतो. ही संख्या मूळ असल्याचं रशियन गणिती पेर्वुशिन यांनी १८८३ मध्येच दाखवलंय, तेव्हा गडबड आपल्याकडे आहे. मी अशा वेळी तासन्‌तास चाचणीतच खोट शोधत बसायचो. खोट बहुधा संख्या साठवण्यात असते.

दशांश संख्या साठवण्याच्या नेहमीच्या फ्लोटिंग पॉइंट प्रकारात ५३ बिटांपर्यंतचेच सगळे पूर्णांक अचूक राहतात. २३०५८४३००९२१३६९३९५१ तिथे ठेवली की तिची ...३९५२ होते, म्हणजे थेट २^६१. आपण तपासतो ती सम संख्या! स्प्रेडशीटमध्ये तर पंधरा अंकांपुढे शून्यंच दिसतात. म्हणून चाचणीआधी संख्या पूर्ण छापून शेवटचे अंक ताडून बघा. ६४ बिटी पूर्णांक वापरत असाल तर गुणाकाराकडेही लक्ष द्या: उत्तराला १२८ बिट लागू शकतात, आणि बाकी काढण्याआधीच वरचे अंक गळून पडतात.

दुसरी चूक घातांकाची. घातांक मूळ आहे म्हणून २^p − १ मूळ ठरत नाही: २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. अशा संख्यांना ज्याचं नाव मिळालं, त्या मर्सेननं खुद्द १६४४ च्या मूळ संख्यांच्या यादीत ६७ हा घातांक घातला होता. त्या संख्येचे अवयव गणिती कोल यांनी १९०३ मध्ये मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

फर्माच्या चाचणीवर (एखादा पाया घेऊन, पाया^(n − १) ला n ने भागल्यावर बाकी १ उरते का पाहणं) एकटीवर विसंबू नका. ५६१ = ३ × ११ × १७, तरी २^५६० ला ५६१ ने भागलं की बाकी १ च उरते; ५६१ शी सामाईक अवयव नसलेला कुठलाही पाया घ्या, तेच होतं. तिच्याहून कडक असलेली मिलर–राबिन चाचणी वापरा. ६४ बिटांपर्यंत २ ते ३७ हे बारा मूळ पाये घेतले की उत्तर पक्कं असतं, संभाव्य नव्हे.

मर्सेन संख्यांसाठी, म्हणजे २^p − १ साठी, लुकास–लेमर चाचणी मला सगळ्यात सुंदर वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी २^१३६२७९८४१ − १ हिनेच पक्की झाली. ४ पासून सुरुवात, दरवेळी वर्ग करून २ वजा, मग २^p − १ ने भागून बाकी; शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ. इथे फेऱ्या मोजताना हमखास चुकतं. p = ७ घेऊन १२७ ने भागत गेलात तर ४, १४, ६७, ४२, १११, ० असं येतं. फेऱ्या p − २, म्हणजे पाच. सहावी मारलीत तर शून्याचं १२५ होतं आणि मूळ संख्या हातची जाते. p = २ ला ही चाचणी लागू नाही, तो वेगळा हाताळा.

प्रोग्रामला आधी p = ३, ५, ७, १३ द्या; शेवटी शून्य यायलाच हवं. मग ११ द्या. तिथे १७३६ आलं, तरच पुढच्या घातांकांना हात घाला.