कोपराखालच्या सेन्सरने स्ट्रेस मोजायचाय? खर्रा आधी विचारा

बायोमेडिकल किंवा फिजिओवाल्या नवीन पोरांसाठी लिहितोय. मी यवतमाळकडच्या गावांत हाताला इलेक्ट्रोड लावून, रक्त भरण्या-ओसरण्यावरून स्ट्रेस मोजायची रीडिंग घेतो, लॅबमध्ये शिकवत नाहीत ते इथे कळतं.

तत्त्व सोपं आहे. कोपर ते मनगट चार इलेक्ट्रोड, बाहेरच्या दोघांतून साधारण ५० किलोहर्ट्झचा, एक मिलिअँपिअरच्या आतला करंट सोडायचा आणि आतल्या दोघांवर व्होल्टेज मोजायचं, म्हणजे कातडीचा विरोध हिशोबात घुसत नाही. रक्तातून करंट स्नायू-चरबीपेक्षा सहज जातो, त्यामुळे ठोक्यागणिक हातात रक्त भरलं की इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा एकूण विरोध, जरासा पडतो. जरासा म्हणजे बेस काही दहा ओहमचा अन् बदल ओहमच्या अंशात, नुसतं बोट हललं तरी त्याहून मोठी लाट येते. हात उशीवर टेकवा, बोलणं बंद.

पहिला अडथळा मात्र माणसाचाच. "करंट कायले लावता बाप्पा, मोटरीचे झटके कमी हायेत का?" असं एक काका म्हणाले, आणि त्यांचं चूक नाही. त्यांना बॅटरी दाखवा, आधी स्वतःच्या हाताला लावून दाखवा, अन् लॅपटॉपचा चार्जर खरंच काढून ठेवा. नाहीतर तुमचा बेसलाइन, म्हणजे टेन्शन द्यायच्या आधीचं शांत रीडिंग, म्हणजे तुमच्याच मशीनची भीती.

मग चहा आणि खर्रा, म्हणजे आपल्याकडचं सुपारी-तंबाखूचं मिश्रण. तंबाखूतल्या निकोटीनने ठोके आणि बीपी तसेच चढतात, त्यामुळे शेवटचा कधी खाल्ला ते लिहून घ्या, "खाता का" असं विचारलं तर सगळे नाहीच म्हणतात. मे महिन्यात तर उन्हाने कातडीतल्या नसा आधीच फुगलेल्या असतात आणि घामाने इलेक्ट्रोड सुटतात, म्हणून सकाळी लवकर बसा, खोलीचं तापमान नोंदवा.

टास्क, म्हणजे मुद्दाम टेन्शन आणायला दिलेलं काम, विचार करून निवडा. १०२२ मधून १३-१३ वजा करत जा, हे किराणा दुकानदाराला चिल्लर वाटतं अन् शाळा अर्धवट सुटलेल्या मावशीला अपमान. शिवाय गणिताच्या टेन्शनमध्ये कोपराखालच्या स्नायूंचा रक्तप्रवाह बहुतेकांत वाढतो, त्याच वेळी बोटाच्या कातडीतल्या नसा आवळतात, म्हणून बोटाचा पल्स सेन्सर अन् हा सेन्सर उलटसुलट बोलले की मशीन बिघडली समजू नका. दुसरा हात बर्फाच्या पाण्यात घातला की होणारा प्रतिसाद वेगळाच असतो, नसा आवळून बीपी वर. दोन्हींची सरासरी काढून एक स्ट्रेस स्कोअर बनवणारे रिपोर्ट मी पाहिलेत, त्याला काही अर्थ नाही.

जमलं तर सोबत ईसीजी घ्याच. आर-वेव्हपासून (ईसीजीतलं ठोक्याचं उंच टोक) हातात लाट पोचेपर्यंतचा वेळही मिळतो आणि हात हलल्याने बिघडलेला ठोका कोणता तेही लगेच दिसतं.